कंसातलं नाव

मुलीच्या वहीत लिहिलं होतं, क्ष = क्ष + १. बीजगणित शिकवण्यात उमर घालवलेल्या माणसाचा हात अशा वेळी आपोआप लाल पेन्सिलीकडे जातो. दोन्हीकडचे क्ष उडवले तर शून्य बरोबर एक! मी भली मोठी फुली मारली.

"अण्णा, हे गणित नाही, प्रोग्रॅम आहे."

मग तिनं मला शिकवलं. (बापाला, त्यातून मास्तर असलेल्या बापाला, शिकवण्यात काय सुख असतं ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.) इथला क्ष शोधून काढायचा नसतो, ती संगणकाच्या स्मृतीतली नाव दिलेली एक जागा. बरोबरची खूण म्हणजे समानता नव्हे, हुकूम. आधी उजवीकडचा हिशेब करायचा, येईल ती किंमत डावीकडच्या नावात ठेवायची. पास्कल नावाच्या भाषेत तर, माझ्यासारख्यांची कीव येऊन की काय, बरोबरच्या आधी विसर्गासारखी दोन टिंबं देतात.

"क्ष पाच होता, आता सहा झाला."

"आणि पाचाचं काय झालं?"

"गेला. त्याच्या जागी सहा आला."

उदगीरच्या माणसाला हे पटायला वेळ लागू नये. आमचा जिल्हा १९५६ पर्यंत बीदर, मग उस्मानाबाद, १९८२ पासून लातूर. किल्ला तसूभर हलला नाही. 'जिल्हा' या शब्दापुढची किंमत तेवढी बदलत गेली. माझी आजी मात्र शेवटपर्यंत बीदरच म्हणायची.

पण तो 'गेला' मला रुचेना. मी उठून ट्रंकेतून २००९ चा सातबारा काढला. वडील वारले त्या साली तलाठ्यानं हातानं लिहून दिलेला. त्यावर माझं नाव चढलं तेव्हा वडिलांचं खोडलेलं नव्हतं. त्याला कंस केला होता आणि शेजारी फेरफाराचा नंबर घातला होता. तलाठ्याच्या कचेरीबाहेर उभा राहून मी त्या कंसाकडे किती वेळ पाहत होतो कोण जाणे. बोलावणं आलं तरी मला ऐकू गेलं नव्हतं.

मुलीनं कागद नीट पाहिला. मग फुलीच्या वर, थोड्या जागेत, एक ओळ घुसवली: जुना = क्ष.

"आधी हे लिहायचं. मग पाच राहतो."

मी फुली पुसायला रबर शोधू लागलो.

"पुसू नका, अण्णा. कंस करा."