श्री. रा. रा. अरबी समुद्र यांस

मुक्काम देवबाग, ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, यंदाही आम्ही येत आहोत. मी आणि हे. दिवसाच्या मांडवी एक्स्प्रेसने कुडाळपर्यंत, पुढे एस.टी. आमच्या सोसायटीत याचं अजून नवल आहे. "एखादी गाडी करून का जात नाही?" असं दर वर्षी कुणीतरी विचारतंच. गाडी केली की ह्यांचं निम्मं लक्ष रस्त्यातल्या खड्ड्यांवर आणि निम्मं ड्रायव्हर जेवला की नाही यावर असतं. मला सुट्टीत नवरा मोकळा लागतो. हे जिन्यात उभं राहून सांगता येत नाही, म्हणून आपल्याला लिहिते.

आता तक्रार. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेचा सगळा मार्ग सुरू झाला, तेव्हा आम्हाला वाटलं, आता खिडकीतून आपण दिसाल. रोह्यापासून सावंतवाडीपर्यंत काच पुसत बसले, आपला पत्ता नाही. बोगदे मात्र पोटभर. सगळ्या मार्गावर नव्वदाहून अधिक आहेत. हे ते मोजायला बसतात, करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या अंधारात त्यांना डुलकी लागते आणि उजेड आला की मलाच विचारतात, "किती झाले?" रत्नागिरी सुटल्यावर पानवलचा पूल लागतो, चौसष्ट मीटर उंच. तिथे सगळा डबा खाली बघतो, मी वर पंख्याकडे बघते. एवढं दिव्य करूनही समुद्र नाही!

यात रेल्वेचा दोष नाही हो, आपलाच आहे. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, जी नदी भेटायला आली तिच्या घरात आपण खाडी होऊन किती आत शिरावं याला काही सुमार? मुखाशी एवढ्या रुंद झालेल्या नद्यांवर आणि वरून सरळ पाण्यात उतरणाऱ्या डोंगरांवर रूळ टाकायचे तरी कसे? इंजिनिअर मंडळींनी नाद सोडला आणि मार्ग आतून नेला. म्हणून गुहागर, देवगड, मालवण, वेंगुर्ले ही आपल्या अगदी उंबऱ्यावरची गावं, पण रेल्वे स्टेशन एकाही गावात नाही. आगीनगाडी आपल्यापासून वीस-तीस किलोमीटरवर आम्हाला उतरवते आणि निघून जाते.

आमच्या आजोबांना हा त्रास नव्हता. ते आपल्याच पाठीवरून यायचे. भाऊच्या धक्क्यावर बोटीत बसायचं, वळकटी पसरायची, बंदरं घेत घेत बोट मालवणला बाहेर उभी राहायची आणि पडावात उड्या टाकून किनाऱ्याला लागायचं. आपण त्या माणसांना उलट्या करवल्यात, पदर भिजवलेत, कुणाच्या आंब्याच्या करंड्या गिळल्यात, तरी आजी आपल्याला नारळ द्यायची. पुढे बोटी बंद पडल्या. आमच्या वाट्याला आली रात्रभराची एस.टी. तीत कशेडी घाट लागला की आई न बोलता आवळासुपारी पुढे करायची, आणि तिचा उपयोग होत नाही हे घाटालाही ठाऊक होतं. त्या मानाने आत्ताचा प्रवास म्हणजे चैन आहे.

आणि खरं सांगू? त्या वीस-तीस किलोमीटरांबद्दल मी आपली ऋणी आहे. तक्रार केली ती रीत म्हणून.

कुडाळ स्टेशनवरून रिक्षाने स्टँडवर जायचं. तिथे बाकावर बसलं की घाई हा प्रकार आपोआप संपतो, कारण गाडी लागेल तेव्हाच लागणार. मालवणची साधी गाडी आली की हे खिडकीतून रुमाल टाकतात. मी मात्र सरळ आत जाऊन विधानमंडळ सदस्यांसाठी राखीव असलेल्या आसनावर बसते. त्या जागेवर आमदार बसलेला मी आजवर पाहिलेला नाही. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. माझं अर्धं आणि ह्यांचं पूर्ण, हे कंडक्टरने मोठ्याने म्हटलं की मालवणपर्यंत माझा चेहरा प्रसन्न असतो. एकदा "खंय उतरतलास?" असं विचारल्यावर हे म्हणाले, "समुद्राजवळ." कंडक्टर म्हणाला, "दर्यो सगळीकडेच आसा, ष्टॉप सांगा."

नेरूरपारच्या पुलावर कर्ली नदी लागते. तिच्या पाण्यात आपण मिसळलेले असता. वाऱ्याला खारट वास येतो आणि गाडीतली मुंबईकर मंडळी एकदम गप्प होतात. पुढे धामापूरचा तलाव, १५३० सालचा, काठावर भगवतीचं देऊळ. गोड पाण्यावरून खाऱ्या पाण्याकडे असं उतरत जायला साध्या गाडीचाच वेग बरा. ती शाळेच्या पोरांसाठी थांबते, दवाखान्यातून परतणाऱ्या म्हातारीसाठी थांबते, कुणी पिशवी घेऊन धावत आलं तर ड्रायव्हर शिव्या देत का होईना, थांबतोच. सुट्टी कधी सुरू झाली असं मला कुणी विचारलं तर मी चौके गावाच्या अलीकडलं एखादं वळण सांगेन, तेव्हा आपण अजून दिसलेलेही नसता.

मालवणात आमचा कार्यक्रम विचाराल तर काही नाही. सिंधुदुर्ग किल्ल्यात होडीने एकदा जाऊन यायचं. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर बांधायला घेतलेला किल्ला आणि आत राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं देऊळ पाहून ह्यांचा ऊर भरून येतो, मग भूक लागते. बाकी वेळ स्टँडच्या भिंतीवरच्या वेळापत्रकाच्या स्वाधीन. दोन गाड्यांच्या मधला वेळ सुरमई, सोलकढी आणि झोप यांत बरोबर बसतो. शनिवार-रविवारी मात्र बाजारातल्या चिंचोळ्या रस्त्यात बाहेरगावच्या मोटारी एकमेकींच्या नाकाला नाक लावून उभ्या राहतात आणि आमची गाडी मागे अडकते. त्यांनाही आपल्यालाच भेटायचं असतं, पण बरोबर एवढं लोखंड कशाला आणतात?

पुढचं थोडक्यात. परुळे, म्हापण करत वेंगुर्ल्याला जाऊ. वाटेत चिपीचा विमानतळ आहे, ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालेला. विमानातून आपण एका मिनिटात दिसता आणि एका मिनिटात संपता, त्यात काय मजा! वेंगुर्ल्याहून शिरोडा. तिथे आपल्या पाण्यातून मूठभर मीठ उचलण्यासाठी १९३० साली माणसं तुरुंगात गेली. तिथल्याच शाळेत वि. स. खांडेकर मास्तर होते. शिरोड्याच्या सुरूच्या बनात ह्यांना एक झोप काढायची असते, ती झाली की सावंतवाडीची गाडी, आणि परत रूळ.

आता मागणं, ज्यासाठी हा सगळा कागद खर्च केला. देवबागचा रस्ता आपल्याला माहीत आहे. एका हाताला आपण, दुसऱ्या हाताला तीच कर्ली, जी आम्ही नेरूरपारला ओलांडली, आणि मधे माडांची एक पट्टी. त्या पट्टीच्या टोकाशी नदी आपल्याला मिळते. साधी गाडी तारकर्लीवरून तिथवर जाते. शेवटच्या थांब्यावर आम्ही चार-पाचच जण उरलेले असतो. उतरलं की पन्नास पावलांवर आपण.

पण आपण दर पावसाळ्यात तो किनारा खात आहात. लोकांनी दगडांचे बंधारे घातले, आपण त्यांच्यावर डोकं आपटलंत. माड कोसळले, अंगणं गेली. मोठ्या माणसाने लहानाच्या ताटातलं खाऊ नये, हे मी आपल्याला शिकवावं? आपल्याकडे आफ्रिकेपर्यंत जागा आहे, देवबागकरांकडे ती एवढीच. रेल्वेने आपल्याला दबून वाट बदलली, बोटी गेल्या, बाकी उरली आहे ती ही एस.टी. आम्हाला आपल्यापर्यंत सोडणारी. तिला त्या टोकाला पोचून मागे फिरावं लागतं. तर यंदाच्या जून ते सप्टेंबरात तेवढा हात आवरावा आणि देवबागला गाडी वळण्यापुरती जमीन ठेवावी, ही विनंती.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा (पाणी नको).

आपली,
अर्ध्या तिकिटाची प्रवासी