दोन घरांची एक चौकट

वकिलाचे निम्मे आयुष्य जोडण्यात जाते आणि निम्मे तोडण्यात. सकाळी दोन भागीदारांचे करारपत्र करावे आणि दुपारी दोन भावांच्या वाटणीचा मसुदा लिहावा, असा आमचा दिनक्रम. या व्यवसायात वीस वर्षे काढल्यावर काय एकत्र करावे आणि काय अलग राखावे हे आपणांस कळते, असा माझा समज झाला होता. गेल्या वर्षी आमच्या देवळाच्या सभामंडपात एका वृद्ध महाजनांनी तो समज एकाच प्रश्नाने मोडून काढला.

झाले ते असे. पालखीच्या सेवांची वार्षिक यादी आमच्याकडे एका जाड बांधणीच्या वहीत असे. तिची पाने खिळखिळी झाली होती, म्हणून ती संगणकावर उतरवून घ्यावी असे समितीने ठरविले आणि ते काम मी हौसेने अंगावर घेतले. एक्सेलमध्ये रकाने पाडले : तिथी, कुटुंब, घर, सेवेकरी. चार रात्री बसून वही उतरविली. परंतु छापण्यापूर्वी पाहतो तो एकच आडनाव ओळीने तीनतीनदा, एकच घर ओळीने दोनदोनदा. डोळ्यांना ते रुचेना. लग्नपत्रिकेसारखी सुबक यादी हवी, म्हणून सारख्या दिसणाऱ्या लगतच्या चौकटी मी एकत्र करू लागलो.

प्रत्येक वेळी यंत्र मला बजावीत होते, की चौकटी एकत्र केल्यास केवळ वरच्या डाव्या चौकटीतील मजकूर राहील, बाकीचा टाकून दिला जाईल. पहिल्या वेळी मी ते वाचले. तिन्ही चौकटींत एकच आडनाव होते, तेव्हा गेले तर गेले काय? दुसऱ्या वेळी अर्धे वाचले. दहाव्या वेळेपासून वाचणेच सोडले. वाचल्यावाचून सही करू नये, असे पक्षकारांना बजावणारा मी, त्या रात्री निदान चाळीस वेळा न वाचता संमती देऊन मोकळा झालो.

त्या चाळिसांत एक जागा अशी होती, की वरच्या चौकटीत ‘थोरले घर’ होते आणि खालच्या चौकटीत ‘धाकटे घर’. आडनाव एक, तिथी एक, घरे मात्र दोन. माझ्या निद्रिस्त डोळ्यांना ती एकच दिसली.

यादी फलकावर लागली. दुसऱ्या दिवशी धाकट्या घरचे आबा काठी टेकीत आले, चष्मा सावरून बराच वेळ फलकापाशी उभे राहिले आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, “बाबा, आमचें घर खंय गेलें?”

त्यांचे नाव यादीत होते, पण थोरल्या घराच्या चौकटीत. ही दोन घरे त्यांच्या आजोबांच्या काळी वेगळी झाली. त्या तिथीच्या पालखीचा मान एका वर्षी एका घराचा, दुसऱ्या वर्षी दुसऱ्याचा, अशी पाळी तेव्हापासून चालत आली आहे. बाहेरच्यास ही बाब क्षुल्लक वाटेल. परंतु आपल्याकडील देवस्थानांचा कारभार १९३३ सालच्या पोर्तुगीज नियमावलीने घालून दिलेल्या चाकोरीतून चालत आला आहे आणि मामलेदारापुढे जाणाऱ्या तंट्यांत जुन्या कागदाला किती वजन असते, हे मला ठाऊक आहे. आज चुकून छापलेली यादी वीस वर्षांनी पुरावा म्हणून कोणीतरी दाखल करील. तो वकील कदाचित मीच असेन!

घाईघाईने घरी येऊन मी ती चौकट पुन्हा विलग केली. वरच्या चौकटीत ‘थोरले घर’ होते, खालची रिकामी. पाऊल मागे घेण्याची सोय यंत्रात आहे, पण ती फाईल बंद करीपर्यंतच. माझी फाईल केव्हाच जतन होऊन बंद झालेली. नशीब एवढेच, की जुनी वही अद्याप रद्दीत गेली नव्हती.

मग वाणिज्य शाखेत शिकणाऱ्या माझ्या कन्येने माझी शिकवणी घेतली. मथळा केवळ दिसण्यासाठी अनेक रकान्यांवर मधोमध हवा असेल, तर चौकटी जोडू नयेत. चौकटींच्या मांडणीत ‘सेंटर अक्रॉस सिलेक्शन’ नावाचा पर्याय आहे. त्याने अक्षरे मध्यावर येतात आणि प्रत्येक चौकट आपल्या जागी अभंग राहते. मात्र ही सोय आडव्या ओळीपुरतीच, उभ्या रकान्याला नाही. दोन चौकटींतील मजकूर खरोखरच एकत्र हवा असेल, तर शेजारी नवा रकाना घेऊन ‘अँड’च्या चिन्हाने अथवा ‘टेक्स्टजॉइन’ या सूत्राने तो तेथे जोडावा, सूत्राच्या जागी नुसता मजकूर चिकटवावा आणि मगच मूळ रकान्यास हात लावावा. एका चौकटीतील पूर्ण नाव फोडून वेगवेगळ्या रकान्यांत घालणे असेल, तर ‘टेक्स्ट टू कॉलम्स’ आहे. पण उजवीकडे पुरेसे रिकामे रकाने आधी ठेवावेत, नाहीतर फुटलेले तुकडे शेजारच्या मजकुरावर जाऊन बसतात.

“आणि विलग केल्यावर रिकाम्या राहिलेल्या चौकटी?” मी विचारले. तीही युक्ती तिने दाखविली. ‘गो टू स्पेशल’मधून रिकाम्या चौकटी निवडाव्या, बरोबरचे चिन्ह देऊन वरच्या चौकटीकडे बोट करावे आणि कंट्रोल दाबून एंटर करावे, की प्रत्येक रिकाम्या जागी वरचाच मजकूर उतरतो. क्षणभर मला हायसे वाटले, आणि दुसऱ्याच क्षणी अंगावर काटा आला. त्या युक्तीने आबांच्या चौकटीत काय भरले असते? ‘थोरले घर’! एका बेसावध क्षणी पुसले गेलेले घर मग पद्धतशीरपणे दुसऱ्याच्या नावावर चढले असते, आणि रिकामी जागा पाहून ज्याला शंका आली असती, त्याचीही शंका मिटली असती.

त्या रात्री मला एक गोष्ट लख्ख उमगली. कोणाचाही हक्क त्याचे म्हणणे ऐकल्यावाचून हिरावू नये, हा आमच्या शास्त्रातला पहिला धडा. यंत्राने नोटीस दिली होती, हे खरे. पण ती बजावली गेली माझ्यावर. ज्याचे घर पुसले जाणार होते, त्याला ती कधी पोचलीच नाही. जोडणाऱ्याला इशारा मिळतो आणि नाहीसा होतो तो दुसराच. तेव्हा ती नोटीस वाचण्याचे कर्तव्य माझे दुप्पट होते. ते मी केले नाही.

वही समोर ठेवून यादी पुन्हा ओळीओळीने ताडून घेतली. आता प्रत्येक ओळीत तिथी, कुटुंब, घर सारे पुन्हापुन्हा लिहिलेले आहे. एकही चौकट जोडलेली नाही. मूळ प्रत वेगळी राखली आहे, आणि ती वहीही. नवी यादी लागली तेव्हा आबांनी बोट फिरवीत आपली ओळ शोधली, दोनदा वाचली आणि काही न बोलता देवापुढे जाऊन उभे राहिले.

यंदा मुखत्यार म्हणाले, “वकीलसाहेब, यादी जरा ओबडधोबड दिसते. तेच तेच नाव किती वेळा! एकत्र करून सुबक का करीत नाही?”

मी म्हटले, “करतो की. आधी दोन्ही घरांना विचारून या.”