मोरीला काटा का नसतो?

थांबा, आधी हे ऐका! मोरीच्या, म्हणजे शार्क माशाच्या, अंगात हाडच नसतं! एकसुद्धा नाही! आरे-वारेच्या किनाऱ्याजवळच्या एका घरगुती खानावळीत पानात मोरीचं कालवण आलं, शेजारी तळलेला बांगडा, आणि वाढणाऱ्या काकू माझ्या लेकीकडे बघून सहज म्हणाल्या, "हिला मोरी द्या हो बिनधास्त, काटा नसतो तिला. आमच्याकडे बाळंतिणीलाही देतात." मी मणक्याची गोल चकती दाताखाली धरली. कुर्रकन मोडली! सगळी कूर्चा, आपल्या नाकाच्या शेंड्यात असते ती! आणि बांगड्याचा काटा मात्र अस्सल हाडाचा, टोचणारा. दोघेही मासे, दोघेही याच समुद्रातले. मग एकाला हाड आणि दुसऱ्याला नाही, असं कसं?

मी जीवशास्त्र शिकलेली नाही, हे आधीच सांगते. पण त्या दिवसापासून वाचत सुटलेय, आणि आता तुम्हालाही ओढणार आहे!

तर, रन्क्स-२! हे एक प्रथिन आहे. ते पेशीच्या केंद्रकात शिरतं, डीएनएवर टी-जी-टी-जी-जी-टी अशी अक्षरं शोधतं, तिथे जाऊन बसतं, आणि हाड घडवणारी जनुकं चालू करतं. सहाच अक्षरं! 1997 साली जपानच्या तोशिहिसा कोमोरींच्या गटाने आणि इतरांनीही हे प्रथिन अजिबात नसलेले उंदीर तयार केले, आणि मग काय दिसलं असेल? सांगाडा होता! पाय होते, फासळ्या होत्या, कणा होता, सगळं जागच्या जागी, आणि सगळं कूर्चेचं! हाडाचा पत्ताच नाही! ती पिल्लं जन्मताच गेली, त्यांना श्वासच घेता आला नाही. हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसले.

आणि मग टाळू! घराघरातल्या आज्या तेल जिरवताना बाळाची टाळू चाचपून बघतात ना, भरली का म्हणून? त्यातही हेच रन्क्स-२! ते बनवणाऱ्या जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात. त्यातली एक बिघडली तर टाळू भरायला वर्षानुवर्षं लागतात, कधी ती पूर्ण भरतच नाही, जास्तीचे दात येतात, आणि कॉलरबोन अर्धवट राहतं किंवा नसतंच! काही जणांना तर दोन्ही खांदे छातीसमोर जवळजवळ एकमेकांना टेकवता येतात! दुसरी प्रत धडधाकट असूनही, बरं का! हातापायाचं हाड आधी कूर्चेचं बनतं आणि मग त्याजागी हाड येतं, पण कवटीचं छत आणि कॉलरबोनचा बराचसा भाग थेट हाडच म्हणून घडतो. म्हणून खोट तिथे ठळक दिसते. किती नेमकं!

रन्क्स-२ एकटं नाही. कूर्चा कुठे व्हायची ते त्याच्याही आधी सॉक्स-९ ठरवतं, आणि 2002 साली सापडलेलं ऑस्टेरिक्स त्याच्यानंतर कामाला लागतं. ऑस्टेरिक्स नसलेल्या उंदरात रन्क्स-२ हजर असतं, तरी हाड होत नाही! म्हणजे मुकादमांची रांगच, आणि एक जरी गैरहजर राहिला तरी बांधकाम बंद.

आता परत मोरीकडे या. मला वाटलं होतं, शार्कच्या जातीत रन्क्स-२ नसणार, संपला प्रश्न. पण आहे! शार्कचाच दूरचा भाऊबंद असलेल्या एलिफंट शार्कमध्ये ते आहे! सिंगापूरच्या बैरप्पा व्यंकटेश यांच्या गटाने 2014 साली त्याचा सगळा जीनोम वाचला, आणि मग कळलं की हुकूम देणारं प्रथिन आहे, पण कॅल्शियमला धरून ठेवणाऱ्या प्रथिनांच्या जनुकांचं एक कुटुंबच गायब आहे! त्यांनी झेब्राफिशमध्ये त्या कुटुंबातलं एक जनुक दाबून पाहिलं, आणि खरंच हाड कमी बनलं! हे एकच कारण पुरेसं आहे का, यावर तज्ज्ञांचा वाद आहे, पण मला तर झोपच येईना. त्यातून 2020 साली मंगोलियातल्या सुमारे 41 कोटी वर्षांपूर्वीच्या एका माशाच्या जीवाश्मात आतलं हाड सापडलं. म्हणजे मोरीच्या पूर्वजांना हाड असावं आणि पुढे ते गेलं असावं!

आणि माशी! घरातल्या केळ्यांवर घोंगावणारी फळमाशी! तिच्यातलं रंट नावाचं जनुक रन्क्स-२च्याच घराण्यातलं, माशीच्या गर्भाचे खंड पाडणारं. हाड नाही, कूर्चा नाही, तरी हे घराणं तिथेही!

आरेच्या वाळूत सुरूच्या बनाखाली पांढरा, हलका समुद्रफेस सापडतो ना, तो उचलून बघा. माकुळाचं हाड म्हणतात त्याला, पण ते हाड नाहीच! तो कॅल्शियम कार्बोनेट, आपल्या हाडात मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेट. नखाने खरवडला की पावडर होते. लेकीने खिसे भरून घेतलाय.

आणि हे सगळं हाड घडवण्याचं झालं. मोडणाऱ्या पेशी वेगळ्याच! त्या जुनं हाड सतत खात असतात, आणि पुण्यात, विद्यापीठाच्या आवारातल्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्समध्ये, मोहन वाणी यांच्या गटाने 2003 साली दाखवलं की आयएल-३ नावाचं प्रथिन या पेशी तयारच होऊ देत नाही, होऊ घातलेल्यांना दुसऱ्याच वाटेला लावतं! पुण्यात हो, आपल्या पुण्यात! त्यात एनएफ-कप्पा-बी नावाचं आणखी एक जनुकं हलवणारं प्रथिन आहे, आणि त्याला केंद्रकात शिरूच दिलं जात नाही. कसं अडवतात ते अजून मला नीट उमगलेलं नाही. आज रात्री तेच वाचणार आहे. तुम्हीही वाचा, आणि आधी कळलं तर लगेच फोन करा!