माना विमानतळापर्यंतची धाकधूक

आईची बॅग तिसऱ्यांदा काट्यावर चढली तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. काटा 19 किलो दाखवत होता. चालणार होते फक्त 15.

ताईचं पहिलं बाळंतपण, तेही न्यू जर्सीत, ऐन जानेवारीत. बाबांना सुट्टी नाही, म्हणून आई एकटीच सहा महिन्यांसाठी निघाली होती. आमच्या रायपूरहून थेट परदेशात जाणारं विमान नाही. आधी मुंबई, मग दुबईमार्गे न्यूयॉर्क. मोठ्या प्रवासाला 23-23 किलोच्या दोन बॅगा चालणार होत्या, पण मुंबईचं तिकीट आम्ही वेगळं काढलं होतं आणि त्यावर 15 किलोचीच मुभा. तुम्हीही आमच्यासारख्या शहरातून निघणार असाल, तर शक्यतो सगळा प्रवास एकाच तिकिटावर काढा. वजनाचा घोळ टळतो आणि पहिलं विमान धुक्यात अडकून पुढचं चुकलं, तर पुढची सोय आपल्या गळ्यात पडत नाही. आम्हाला हे शहाणपण उशिरा सुचलं. मग आई एक दिवस आधीच निघून मावशीकडे ठाण्याला राहणार, असं ठरलं. जास्तीच्या किलोंचे पैसे मी त्या रात्री मोबाइलवरूनच भरले. काउंटरवर ते जास्त पडतात.

आता बॅगेत काय होतं, ते सांगते. गोलबाजारातून आणलेली रखिया बडी, मेतकूट, डिंकाचे लाडू, बाळासाठी जुन्या साड्यांची दुपटी, सुक्या खोबऱ्याच्या चार वाट्या आणि डबाभर अनारसे. आमच्या छत्तीसगडी शेजारणीने अइरसे दिले होते, ते वेगळेच. अइरसा म्हणजे अनारशाचा इकडचा सख्खा भाऊ.

खोबरं आधी बाहेर आलं. सुक्या खोबऱ्यात तेल असतं, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून विमानाच्या चेक-इन सामानात ते चालत नाही. अनारशांचं दुखणं त्याहून मोठं होतं. त्यांना खसखस लावलेली आणि संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे. “अगं, मी काय दुबईत उतरून विकणार आहे का?” आई म्हणाली. तरी डबा घरीच राहिला. पुढचा आठवडाभर बाबा आणि मी अनारसे खात होतो.

औषधांनी तर मला घामच फोडला. आईला रक्तदाबाचा त्रास आहे. जागा वाचावी म्हणून तिने सगळ्या गोळ्या पाकिटांतून सोडवून एका प्लास्टिकच्या डबीत भरल्या होत्या! नाव नाही, तारीख नाही. सकाळी औषधवाल्याकडून नवी पाकिटं आणली, डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवली आणि सगळं हातातल्या बॅगेत टाकलं. पॉवर बँकही तिथेच, ती चेक-इनमध्ये चालत नाही. विम्याचे कागद मी तेव्हा पहिल्यांदा नीट वाचले. आधीपासूनच्या आजारांबद्दल काय लिहिलंय, ते पैसे भरण्यापूर्वी वाचायचं असतं.

चौबे कॉलनीतलं आमचं महाराष्ट्र मंडळ 1935 सालचं. तिथल्या आईच्या मैत्रिणींनी सल्ले भरपूर दिले. एकीने आपल्या मुलासाठी चिकटपट्टी लावलेलं पार्सलही दिलं. “उघडून दाखवा काकू,” हे म्हणायला मला फार जड गेलं, पण म्हटलं. आत लोणचं होतं, तेही गळकं.

एवढं सगळं झाल्यावर, दिवे मालवल्यावर, आई हळूच म्हणाली, “मधेच आजींना काही झालं तर? दोन दिवस लागतात गं यायला.”

माझी आजी 84 वर्षांची आहे. माझं काम घरूनच चालतं, त्यामुळे तिच्याजवळ मी असणारच होते. पण आईचं म्हणणं मी तिची देखभाल करू शकेन की नाही, हे नव्हतं. परतीच्या तिकिटाची तारीख बदलता येते, एवढंच मी सांगू शकले. पलीकडच्या पलंगावरून आवाज आला, “सूनबाई, झोप आता. तू येईपर्यंत मी कुठे जात नाही. मला अजून व्हिसा मिळालेला नाही.” आई हसली, मग बराच वेळ नाक ओढत राहिली.

माना विमानतळाला स्वामी विवेकानंदांचं नाव आहे. 1877 मध्ये, लहानपणी, ते वडिलांसोबत रायपूरला राहायला आले होते. पुढे 31 मे 1893 रोजी ते मुंबईहून बोटीने निघाले. शिकागोला पोहोचल्यावर कळलं, की परिषद सप्टेंबरात आहे आणि ओळखपत्राशिवाय प्रतिनिधी होता येत नाही. गरम कपडेही पुरेसे नव्हते. गाडीत हे आईला सांगितलं, तर तिने लगेच पर्स उघडून पासपोर्ट चाचपला आणि विचारलं, “माझी शाल कुठल्या बॅगेत आहे?”

दारावर पोलिसाने तिकीट पाहिलं आणि आई आत गेली. काचेपलीकडे ती थोडा वेळ दिसत राहिली. धुक्यामुळे विमान दोन तास उशिरा होतं. मी परतीच्या वाटेवर तेलीबांधा तलावापाशी असताना तिचा फोन आला.

“अगं, सांगायचं राहिलंच. आजींची दुपारची गोळी जेवणाआधीची आहे. नंतरची नाही.”