तंबोऱ्याला पुरेल एवढी ताकद

नवे स्पीकर घरी येताना जुन्या अ‍ॅम्प्लिफायरबद्दलची शंका सोबत घेऊनच येतात. बंगळुरूत मल्लेश्वरमच्या आमच्या घरातही तेच झालं. कमरेएवढ्या उंचीच्या जुन्या पेट्या गेल्या आणि त्यांच्या जागी लाकडी स्टँडवर दोन छोटे, देखणे स्पीकर बसले. गाणं एकदम स्वच्छ झालं. बंदिशीतले शब्द कळू लागले, गायकाचा श्वास ऐकू येऊ लागला. पण बटण नेहमीच्या खुणेवर असूनही आवाज मात्र लहान झाला, आणि डग्गा पार वाळून गेला.

आवाज का घटला, याचं उत्तर स्पीकरच्या कागदावरच असतं. एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल आवाज निघतो, तो आकडा जुन्या पेट्यांचा 90 होता, नव्यांचा 86. चारचाच फरक, पण डेसिबलचं गणित साध्या बेरजेचं नाही. तीन डेसिबल वाढवायचे तर ताकद दुप्पट लागते, दहा वाढवायचे तर दहापट. चार डेसिबलची ही तूट भरून काढायला अडीचपट वीज हवी. म्हणून पहिला विचार सगळ्यांसारखा माझ्याही मनात आला, की जास्त वॅटचं यंत्र घ्यावं.

शेजारचे काका मूळ बेळगावचे. उभं आयुष्य त्यांनी जालहळ्ळीच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये काढलं. 1954 साली स्थापन झालेल्या त्या कारखान्यात एके काळी रेडिओचे व्हॉल्व्ह बनत. ते व्हॉल्व्ह आजही शौकीन जपून ठेवतात. माझ्या हातातली माहितीपत्रकं बघून काका म्हणाले, "वॅट काय बघालायस रे? ओहम बघ की." मग घरी जाऊन मीटर घेऊन आले, स्पीकरच्या तारा सोडवल्या आणि टोकं टेकवली. काटा 3.4 वर थांबला. पेटीच्या पाठीवर मात्र 8 ओहम छापलेलं होतं.

मीटर दाखवतो तो कॉइलच्या तारेचा निव्वळ रोध. गाणं सुरू झालं की रोध स्वरागणिक बदलतो, कुठे वीसच्या वर चढतो, तर कुठे मुळाशी येऊन टेकतो. एरवी 8 ओहमच्या स्पीकरला मीटरवर सहाच्या आसपास आकडा येतो. साडेतीनच्या घरात आला, तर तो स्पीकर खरं तर 4 ओहमचा. ओहम निम्मे झाले की तेवढ्याच दाबाला विद्युतप्रवाह दुप्पट लागतो, आणि नेमका तिथेच स्वस्त अ‍ॅम्प्लिफायर धापा टाकतो. डग्गा वाळला होता तो यामुळे. वॅटचा मोठा आकडा छापायला फार काही लागत नाही. खरा प्रवाह द्यायला आत जाड ट्रान्सफॉर्मर लागतो, रुंद हीटसिंक लागते, आणि त्यांचं वजन हातालाच कळतं. 1978 साली आलेल्या नॅड 3020 या अ‍ॅम्प्लिफायरवर जेमतेम 20 वॅट लिहिलेले होते, तरी अवघड स्पीकर सांभाळण्यात त्याने भल्याभल्यांना मागे टाकलं. आकड्यापेक्षा दम महत्त्वाचा, असं माझं ठाम मत त्या दिवसापासून झालं.

मग लागतात तरी किती वॅट? आमच्या खोलीत विलंबित ख्याल ऐकताना सरासरी एक वॅटसुद्धा खर्च होत नाही. पण तबल्याची थाप सरासरीच्या वीस डेसिबल वर उडी मारू शकते, आणि वीस डेसिबल म्हणजे शंभरपट ताकद. ती एका क्षणापुरती लागते, पण त्या क्षणी मिळालीच पाहिजे. नाही मिळाली तर लाटेचे माथे सपाट कापले जातात. दुबळं यंत्र पूर्ण पिळून वाजवलं की ट्वीटर जळतो, तोही याच कारणाने. सगळा हिशोब धरून 8 ओहमला 40 वॅट आणि 4 ओहमला त्याच्या दुपटीच्या जवळ जाणारं यंत्र आमच्या घराला पुरेसं आहे.

पण पुरेसं आहे हे कानाने कसं ओळखायचं? मी तंबोरा ऐकतो.

तंबोऱ्याच्या घोडीवर, तारेखाली, सुती दोरा सरकवतात. केसभर पुढेमागे करत नेमक्या जागी आला की तारेतून स्वरांचा झोत फुटतो. ही जवारी. तार जिथे छेडली तिथे ज्या उपस्वरांचा स्थिर बिंदू पडतो, ते उपस्वर उमटू नयेत, असा तारेचा जुना नियम आहे. तंबोऱ्यात ते उमटतात. हे दाखवून दिलं सी. व्ही. रामन यांनी, 1921 साली, कोलकात्यात असताना. त्याआधी 1920 मध्ये मृदंग-तबल्याच्या शाईमुळे चामड्यातून सुरेल उपस्वर कसे निघतात, तेही त्यांनी मांडलं होतं. पुढे ते बंगळुरूला आले. त्यांचं 'पंचवटी' हे घर इथेच, मल्लेश्वरममध्ये आहे. त्या रस्त्याने जाताना मला प्रकाशाच्या आधी तंबोरा आठवतो. आणि तंबोरा म्हटला की मिरज. पंढरपूरकडचे भोपळे मिरजेत येतात, तिथे तंबोरे घडतात आणि तिथून धारवाड-हुबळीपासून बंगळुरूपर्यंत पोचतात. 2024 मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, याचा मला घरच्या कार्यासारखा आनंद झाला.

यंत्र कमी पडत असलं की आधी तंबोरा सांगतो. डग्ग्यावर घुमारा आला की मागचा तंबोरा क्षणभर आक्रसतो, जवारीची धार बोथट होते, आणि थाप विरली की पुन्हा पसरतो. ज्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये दम आहे, त्यात थाप थापेच्या जागी पडते आणि तंबोरा आपल्या जागी अखंड वाहत राहतो. एवढं एक ऐकू आलं की बाकीच्या चाचण्या मी सोडून देतो.

खोलीचं मात्र वेगळं बघावं लागतं. इथल्या जुन्या घरांतली लाल, गुळगुळीत कावेची जमीन डोळ्यांना सुंदर, पण आवाज तिच्यावरून टणटणीत उसळतो. जाड सतरंजीने बरंच निभावतं. खर्जाचं दुखणं त्याहून चिवट. 16 फूट लांबीच्या खोलीत 35 हर्ट्झला आणि त्याच्या दुपटीला, 70 ला, हवा भिंतीभिंतींत कोंडून घुमते. काळी एकमध्ये लावलेल्या तंबोऱ्याचा खर्ज असतो 69 वर! म्हणजे तंबोऱ्याचा खर्ज आणि आमची खोली एकाच ठिकाणी भेटतात, आणि भिंतीला टेकून बसलं की खर्ज नुसता भणभणतो. स्पीकर भिंतीपासून दीड-दोन हात पुढे ओढले, खुर्ची मागच्या भिंतीपासून सोडवली, आणि भणभण उतरली. खर्च शून्य. कुठल्याही अ‍ॅम्प्लिफायरला हे जमलं नसतं.

नवं यंत्र शेवटी एस. पी. रोडच्या एका दुकानातून आणलं. वजनाला जड, दिसायला साधं. काकांनी तासाभराने त्याच्या पाठीवर तळहात ठेवला, कोमटच लागलं, तेव्हा ते समाधानाने चहाला बसले. भीमसेन जोशींचा दरबारी लावला. डग्गा परत ओला झाला होता.

तुम्हीही स्पीकर बदलले असतील, तर अ‍ॅम्प्लिफायर घ्यायला जाताना आपले स्पीकर बरोबर न्या. जड पडले तरी न्या. दुकानदार दणदणीत काहीतरी लावेल, ते नम्रपणे थांबवा आणि ख्यालाची आपली तबकडी लावायला सांगा. पहिली चार-पाच मिनिटं गायकाकडे लक्ष देऊ नका, मागचा तंबोरा ऐका. तबला सुरू झाल्यावरही तो जागचा हलला नाही, तर तेच यंत्र घ्या.