दोन मोती गळाले

चौथीच्या पुस्तकात ‘वाक्यात उपयोग करा’ हा प्रश्न आला, तेव्हा त्यातले निम्मे वाक्प्रचार आमच्या ओळखीचे निघाले. एकत्र कुटुंब, चुलत भावंडांची गर्दी आणि रात्री अंथरुणं पडली की आजीची गोष्ट. तिथेच ते आमच्या कानावर पडले होते. माझ्या वयाच्या कितीतरी जणांच्या घरी असंच होतं.

आजी अर्थ कधी सांगायची नाही. कोल्ह्याला द्राक्षं आंबट का लागली, हे तो पाठ फिरवून निघाला की कळायचंच. लहानांची मात्र पंचाईत व्हायची. थोरला म्हणाला, पोटात कावळे ओरडतायत, तर धाकटीने त्याच्या पोटाला कान लावला.

“काय ऐकू येतंय गं?”

“गुडगुड.”

“हां, तेच ते कावळे.”

दुसऱ्या दिवशी हीच पोर स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून काकूला म्हणाली, “काकू, माझे कावळे उठले.”

पानिपतची गोष्ट संक्रांतीची. लढाई झाली तीही 14 जानेवारी 1761 ला, त्यामुळे आजी तिळगुळाचे लाडू वळता वळता ती सांगायची. पाक गरम, हात तुपाचा, आणि आम्ही परातीभोवती. पुण्याला धड बातमी नाही. नानासाहेब पेशवे स्वतः उत्तरेकडे निघालेले. नर्मदेपलीकडे एका सावकाराचा जासूद त्यांच्या हाती लागतो. त्याच्याजवळच्या पत्रात म्हणे एवढंच होतं, की दोन मोती गळाले, 27 मोहरा हरवल्या आणि खुर्दा किती गेला याची मोजदाद नाही.

इथे आजी गप्प व्हायची. लाडू वळत राहायची.

“पेशव्यांचे दागिने चोरीला गेले?” कुणीतरी विचारायचं. आजी मान हलवायची, नाही. मग थोरल्याचा चेहरा उतरला. “मोती म्हणजे सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव.” मोहरा म्हणजे सरदार, हे मग आपोआप आलं. सगळ्यांत शेवटी धाकटीने विचारलं, “आणि खुर्दा?”

“ज्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत ते, बाळा.”

ताज्या लाडवाला त्या दिवशी बराच वेळ कुणी हात लावला नाही. इतिहासाच्या पुस्तकात पुढे पानिपतावर पानंच्या पानं वाचली, पण माणसं गेली हे मला कळलं ते त्या खुर्द्याने. नारायणराव पेशव्यांच्या 1773 मधल्या खुनाची, ‘ध’चा ‘मा’ केल्याची गोष्टही तिने सांगितली होती. ती ऐकून आम्ही आपलं अक्षर तेवढं सुधारलं.

आता मुलांच्या हाती यादी येते. डावीकडे वाक्प्रचार, उजवीकडे अर्थ, आणि परीक्षेपुरतं पाठांतर. मला ते बघवत नाही. आधी गोष्ट सांगा, मोती म्हणजे कोण हे मुलांना शोधू द्या, त्यात एक संध्याकाळ गेली तरी जाऊ द्या.

आम्ही तर पुढे त्या जासुदाच्या पत्रासारख्याच चिठ्ठ्या लिहायला लागलो. काका कचेरीतून रागावून आले की खोलीत चिठ्ठी फिरायची, ‘आभाळ भरून आलंय, छत्र्या उघडा.’ छत्र्या म्हणजे अभ्यासाची पुस्तकं. एकदा ती चिठ्ठी काकांच्याच हातात पडली. त्यांनी वाचली, खिडकीबाहेरचं लख्ख ऊन पाहिलं, खिशातलं पेन काढलं आणि खाली लिहिलं, ‘वळीव आहे. घटकेत जाईल.’