सोन्याचं पेव

सोन्या या आमच्या हॅमस्टरसोबत दुकानातून जो पिंजरा आला तो रंगीत तारांचा, जेमतेम दीड वीत लांब, आत प्लॅस्टिकचा जिना असलेला. बघणाऱ्याला गोड वाटावा असा. पहिल्या रात्री सोन्या पहाटेपर्यंत त्याच्या तारा कुरतडत राहिला. लेकीला वाटलं, भूक लागली असेल. पण वाटीतली बाजरी तशीच होती. सकाळी माझी आई पिंजऱ्यापुढं बसली, थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "भुई उकरायचं जनावर हाय हे. ह्याला भुई कुठंय?"

हॅमस्टरच्या घराबद्दल इतकं नेमकं वाक्य मला पुढं पुस्तकांतही सापडलं नाही. सीरियात अलेप्पोजवळच्या गव्हाच्या शेतात १९३० साली इस्रायल अहारोनी या प्राणिशास्त्रज्ञाने जमीन खोदायला लावली, तेव्हा खोल बिळात एक मादी आणि तिची अकरा पिलं सापडली. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात सॉल अ‍ॅडलर यांना काळा आजाराच्या संशोधनासाठी हा प्राणी हवा होता. आज घराघरांत दिसणारे सोनेरी हॅमस्टर बहुतेक त्याच एका कुटुंबाचे वंशज आहेत. शेकडो पिढ्या पिंजऱ्यात गेल्या, तरी त्यांचे पंजे उकरणं विसरले नाहीत. स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी २००६ साली हेच तपासून दाखवलं: ज्यांच्या पिंजऱ्यात अंथरूण फक्त १० सेंटिमीटर होतं, ते हॅमस्टर तारा जास्त कुरतडत होते, ८० सेंटिमीटरचं मिळालेले बिळं करून राहिले.

म्हणून बीडहून माशांची जुनी काचपेटी आणली, साडेतीन फूट लांब आणि दीड फूट रुंद. वरून जाळीचं झाकण ठोकून घेतलं. आता आत भरायचं काय? आमचा गेवराई तालुका कापसाचा. शेजारच्या प्रत्येक बाईने मायेने मूठ-मूठ कापूस आणून दिला. आणि नेमका तोच चालत नाही. त्याचे तंतू पायाला गुंडाळून काचतात, गालाच्या पिशवीत नाहीतर पोटात अडकतात. आईला हे पटायला वेळ लागला. "कापसानं कुणाला दुखापत होते व्हय?" वखारीतला भुसाही नको, त्याची धूळ नाकात जाते. शेवटी छपाई नसलेल्या कागदाच्या पट्ट्या आणि वाळलेलं गवत एकत्र दाबून एका बाजूला हातभर उंच थर केला. दुसऱ्या बाजूला पसरट परातीत गोदावरीची वाळू, चाळून, धुऊन, उन्हात तापवून. सोन्या तिच्यात लोळून अंग साफ करी. पळायची फिरकी मात्र सलग पृष्ठाची आणि वीतभराहून मोठी घेतली; काड्यांच्या फिरकीत पाय अडकतो आणि लहान फिरकीत पाठ वाकते.

दुसऱ्या दिवशी पेटीत कुणी दिसेना. फक्त गवतात एक भोक. लेकीने काचेला कान लावला, आतून खरखर ऐकू येत होती. तारा कुरतडणं त्या रात्रीपासून थांबलं.

खरी परीक्षा उन्हाळ्याची. वीस-बावीस अंशांत सुखावणारा हा जीव, आणि इथं एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या पुढं. कूलरचा झोत थेट अंगावर चालत नाही, आणि भारनियमनात कूलर असून नसल्यासारखाच. आमचं घर माळवदाचं, हे सोन्याचं नशीब. पेटी आतल्या अंधाऱ्या खोलीत, भुईलगत ठेवली. थराखाली शहाबादी फरशीचा तुकडा, वर तोंड फुटलेलं एक मडकं आडवं. दुपारी मडक्यावर बाहेरून ओलं फडकं टाकायचो. सोन्या फरशीवर पोट टेकून पसरायचा. मातीची भिंत, दगड आणि मडकं ह्यांनी त्याला उन्हाळे काढून दिले. त्या श्रेयात मी कूलरला वाटा देणार नाही.

आईचं आणि त्याचं सूत जमलं ते दाण्यांवरून. ज्वारी, बाजरी, करडई तो खायचा कमी, गालांत भरून न्यायचा जास्त. गाल फुगून डोकं दुप्पट व्हायचं. काचेला लागून त्याने केलेली कोठी बाहेरून दिसायची. ती बघून आई म्हणाली, "पेव भरतंय की हे!" तिच्या माहेरी अंगणात भुईत खणलेलं ज्वारीचं पेव होतं, उघडल्यावर आतली कोंदलेली हवा निघून जाईपर्यंत कुणाला उतरू देत नसत, हे ती लेकीला सांगत बसे. दुष्काळात त्याच पेवातल्या ज्वारीवर घर तगलं, हेही. पेटी साफ करताना सोन्याची कोठी पूर्ण उपसायची नाही, हा नियम तिचाच. ओलं, बुरसलेलं तेवढं काढायचं, बाकी जागच्या जागी. पुढं कळलं की जाणकारही हेच सांगतात, कारण साठा आणि वास एकदम गेला की हा प्राणी बावरतो.

दिवसा त्याला कुणी उठवायचं नाही आणि दुसरा हॅमस्टर आणायचा नाही, एवढं आम्ही पाळलं. हा एकट्याने राहणारा प्राणी. जोडी केली की रक्त निघेपर्यंत भांडतात.

हॅमस्टरचं आयुष्य दोन-तीन वर्षांचंच. दुसऱ्या हिवाळ्यानंतर सोन्याची पाठ विरळ झाली, फिरकी थांबली. मडक्यापर्यंत चढ नको म्हणून लेकीने थर एका अंगाने उतरता केला आणि ज्वारी भिजवून मऊ करून द्यायला लागली. तो गेला तेव्हा आईने लिंबाच्या झाडाखाली खड्डा केला, कोठीतले दाणे त्याच्यासोबत ठेवले.

काचपेटी आता गल्लीतल्या एका पोराकडे आहे. त्याला मार्चमध्येच हॅमस्टर हवा होता. लेकीने पेटी, वाळूची परात, फिरकी सगळं दिलं, पण मडकं आणि फरशी नीट बसली का हे बघायला त्याच्या घरी जाऊन आली आणि मृग बरसल्याशिवाय जनावर आणायचं नाही, असं त्याच्याकडून कबूल करून घेतलं.